पोटातली भाऊबंदकी

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एमबीबीएस होऊन मी एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नुकतीच रुजू झाले होते. एका रात्री जीपमधून बाविशीची एक बाई आली. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. वाटेत दोनदा झटके येऊन गेले होते. हातपाय आणि तोंड सुजलेलं, रक्तदाब १८०/१२०. आम्ही झटके थांबवले, रक्तदाब उतरवला, प्रसूती केली. बाई वाचली, बाळ वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी राउंडला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि विचारलं, “ताई, माझं काय चुकलं हो?” शेजारी सासू उभी होती. ती म्हणाली, “मी सांगतच होते, खारट कमी खा म्हणून.” रात्रभराच्या ड्यूटीनं मी दमले होते. नेमकं काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली आणि म्हणाले, “हो, मीठ जरा कमीच खायला हवं होतं.”

ते वाक्य मला आजही टोचतं. ते खरं नव्हतं. गरोदरपणात मीठ तोडल्यानं हा आजार टळतो, याला आधार नाही. तिनं काहीही चुकवलेलं नव्हतं. मग झालं काय होतं? याचं उत्तर शोधताना मी पुढे एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळले : संघर्ष मुळात येतो कुठून?

वैरी लागतोच असं नाही

संघर्ष म्हटलं की आपल्याला दोन शत्रू दिसतात. एक चांगला, एक वाईट. एक आपला, एक परका. पण आपल्या भाषेला यापेक्षा जास्त कळतं. मराठीत घरातल्या वैराला शब्द आहे ‘भाऊबंदकी’. भाऊबंद म्हणजे आपली माणसं, आणि त्याच शब्दापासून भांडणाचं नाव तयार झालं. महाभारतातलं युद्धही चुलत भावांचंच. बांधावरून कोर्टात जाणारे बहुतेक एकाच आजोबांचे नातू असतात.

जीवशास्त्र हेच सांगतं. संघर्षाला द्वेष लागत नाही. दोन गोष्टी पुरतात : वाटून घ्यायची वस्तू मर्यादित असणं, आणि वाटून घेणाऱ्यांचं हित बरंचसं सारखं असूनही अगदी तंतोतंत सारखं नसणं. जिथं हित पूर्ण वेगळं असतं तिथं दोघं आपापल्या वाटेनं जाऊही शकतात. जिथं ते एकमेकांत गुंतलेलं असतं तिथं ओढाताण टळत नाही.

गायबगळ्याचं घरटं बघा. मादी एक-दोन दिवसांच्या अंतरानं तीन-चार अंडी घालते, पण उबवायला सुरुवात करते पहिल्या अंड्यापासूनच. त्यामुळे पिल्लंही पुढेमागे बाहेर येतात. पहिलं पिल्लू शेवटच्यापेक्षा चांगलंच मोठं असतं. खाणं आलं की मोठी पिल्लं धाकट्याला चोची मारून मागे रेटतात. सुकाळ असेल तर धाकटंही जगतं. टंचाई असेल तर बहुधा तेच मरतं. डग्लस मॉक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बगळ्यांच्या घरट्यांवर वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. त्यांना दिसलं की आई-बाप शेजारी उभे असूनही मध्ये पडत नाहीत.

आपल्याला हे क्रूर वाटतं. पण यामागे एक हिशेब आहे, आणि तो १९७४ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी मांडला. त्याआधी दहा वर्षं, १९६४ साली, विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी नात्यांचं गणित सोडवलं होतं. ट्रिव्हर्स यांनी ते आई आणि मूल यांना लावलं.

हिशेब सोपा आहे. आईची निम्मी जनुकं प्रत्येक मुलात जातात, म्हणजे तिच्या दृष्टीनं सगळी मुलं सारखी. भाकरी एक आणि मुलं दोन असली तर तिनं अर्धी-अर्धी करावी. पण मुलाकडून पाहिलं तर गणित बदलतं. मूल स्वतःशी शंभर टक्के ‘नात्यातलं’ असतं आणि सख्ख्या भावंडाशी निम्मं. म्हणून त्याचा ओढा आपल्याला अर्ध्यापेक्षा थोडं जास्त मिळावं असा असतो. मात्र सगळी भाकरी मिळावी असा नसतो, कारण भावंडातही त्याची निम्मी जनुकं आहेत. भांडणाला कारणही नातंच आणि मर्यादाही नात्याचीच.

रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाली की हे आपल्या डोळ्यांसमोर घडतं. सुरुवातीला ती आडवी पडून दूध पाजते. काही आठवड्यांनी पिल्लं अंगाशी लोंबकळत असतानाच ती उठून चालू लागते, कधी गुरगुरते. पिल्लांना अजून दूध हवं असतं. तिला पुढच्या विणीसाठी अंगात ताकद राखायची असते. दोघांचंही बरोबरच असतं.

आईच्या रक्तातली साखर

ही ओढाताण जन्मानंतर सुरू होते, असंच पुष्कळ काळ मानलं जात होतं. गर्भारपण म्हणजे आई आणि बाळ एकजीव, अशी आपली कल्पना. १९९३ साली डेव्हिड हेग या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी एक मोठा निबंध लिहिला आणि ट्रिव्हर्स यांचा हिशेब थेट गर्भाशयात नेला. मी फिजिशियन आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. पण साखर वाढली, रक्तदाब वाढला की प्रसूती विभागातून मला बोलावणं येतं. हेग यांची मांडणी वाचली तेव्हा मी रोज लिहीत असलेले केसपेपर वेगळे दिसू लागले.

आधी वार म्हणजे काय ते पाहू. वार आईच्या गर्भाशयात असली तरी ती बहुतांशी बाळाच्या पेशींपासून बनते. ती जणू बाळानं आईच्या घरात थाटलेली चूल. बाळाला अन्न आणि प्राणवायू तिच्यातूनच मिळतो. पण वार एवढ्यावर थांबत नाही. ती आईच्या रक्तात संप्रेरकं सोडते. त्यातलं एक म्हणजे ‘ह्यूमन प्लॅसेंटल लॅक्टोजेन’. त्याच्या आणि इतर काही संप्रेरकांच्या प्रभावामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मग जेवणानंतर तिच्या रक्तात साखर जास्त वेळ राहते, आणि जेवढा वेळ ती रक्तात राहते तेवढी बाळाला जास्त मिळते.

आईचं शरीर गप्प बसत नाही. तिचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागतं. वार साखर वर ढकलते, स्वादुपिंड खाली ओढतं. दोन्ही बाजूंचा जोर वाढत जातो, तरीही रक्तातली साखर बहुतेक बायकांमध्ये नेहमीच्या मर्यादेतच राहते. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारख्या ताकदीचे असले की दोरी जागची हलत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे.

पण एखादीचं स्वादुपिंड आधीच काठावर असेल तर? घरात मधुमेह, वाढलेलं वजन, वाढलेलं वय. अशा वेळी तिचा संघ कमी पडतो, दोरी एका बाजूला सरकते आणि आपण केसपेपरवर लिहितो : गरोदरपणातला मधुमेह. यात बाळाचाही फायदा होत नाही. बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, प्रसूती अडते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. ओढाताणीचा तोल गेला की दोघंही हरतात.

दाब का वाढतो?

आता त्या रात्रीच्या जीपमधल्या बाईकडे येऊ.

गर्भाशयाच्या अस्तरात मळसूत्रासारख्या वळणदार रक्तवाहिन्या असतात. एरवी त्यांच्या भिंतीत स्नायू असतो. शरीर तो आवळून रक्त कमी करू शकतं, सैल करून वाढवू शकतं. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी या वाहिन्यांत शिरतात आणि भिंतीतला स्नायू काढून टाकतात. वाहिन्या रुंद आणि सैल होतात. म्हणजे तोटीची चावीच निघाली. आता आईनं ठरवलं तरी बाळाकडे जाणारं रक्त तिला सहज तोडता येत नाही.

काही गरोदरपणांत हे काम अर्धवट राहतं. वाहिन्या अरुंदच राहतात, वारेला पुरेसं रक्त मिळत नाही. अशी उपाशी वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. त्यातल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचा या आजाराशी असलेला संबंध २००३ साली अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. हे प्रथिन आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणाऱ्या घटकांना पकडून निकामी करतं. मग वाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळू लागतात. या आजाराला ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ म्हणतात. पुढे झटके आले की तो ‘एक्लॅम्प्सिया’. जगभरात शंभर गरोदर बायकांमधल्या साधारण दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्प्सिया होतो.

हेग यांनी याचा अर्थ असा लावला : आईचा रक्तदाब वाढला तर अरुंद वाहिन्यांतूनही वारेकडे जास्त रक्त ढकललं जाईल. नळाला पाणी कमी येतं म्हणून कुणी मोटर लावावी, तसं हे. मोटरीनं आपल्या हंड्यात पाणी येतं खरं, पण ताण सगळ्या पाइपलाइनीवर पडतो.

ही एक मांडणी आहे आणि सगळे शास्त्रज्ञ ती जशीच्या तशी मानत नाहीत. आजाराला इतरही कारणं जोडलेली आहेत. पण आजाराचं मूळ वारेत आहे, याबद्दल फारसा वाद नाही. म्हणून तर वारेसकट प्रसूती हाच त्यावरचा खरा उपाय.

बाळात बापही असतो

गर्भातल्या या खेचाखेचीचा सगळ्यात थक्क करणारा पुरावा बापाच्या जनुकांकडून येतो.

१९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या आणि अमेरिकेत दाव्होर सॉल्टर यांच्या गटानं उंदरांच्या बीजांवर प्रयोग केले. फलित बीजात एक केंद्रक आईचं आणि एक बापाचं असतं. त्यांनी काही बीजांत दोन्ही केंद्रकं आईची ठेवली, काहींत दोन्ही बापाची. जनुकांची संख्या पुरेपूर, तरी दोन्ही प्रकारचे गर्भ जगले नाहीत. पण मरण्याची तऱ्हा वेगळी होती. फक्त आईची जनुकं असतील तर गर्भ बऱ्यापैकी, पण वार अगदी खुरटलेली. फक्त बापाची असतील तर वार चांगली वाढलेली, पण गर्भ खुरटलेला.

काही मोजक्या जनुकांवर ‘मी आईकडून आलो’ किंवा ‘मी बापाकडून आलो’ असा शिक्का असतो आणि त्यानुसार ती चालू किंवा बंद राहतात, हे यातून कळलं. वाढीला जोर देणारं ‘आयजीएफ-२’ हे जनुक गर्भात बापाच्या प्रतीवरून चालतं. उंदरात ही बापाची प्रत बंद पाडली तर पिल्लाचं जन्मवजन नेहमीच्या साधारण साठ टक्केच भरतं. त्याच उंदरात या वाढीला आवर घालणारं दुसरं जनुक आईच्या प्रतीवरून चालतं. ती प्रत काढून टाकली तर पिल्लं नेहमीपेक्षा मोठी होतात आणि बहुतेक मरतात. एकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, दुसऱ्याचा ब्रेकवर. दोन्ही असतील तरच गाडी नीट चालते.

यामागचं तर्कशास्त्र असं सांगतात : प्राण्यांच्या दुनियेत एका मादीची पुढची पिल्लं त्याच नराची असतीलच असं नाही. त्यामुळे नराकडून आलेल्या जनुकांचा कल याच पिल्लासाठी जास्त मागण्याकडे, तर मादीकडून आलेल्यांचा कल पुढच्यांसाठीही राखून ठेवण्याकडे.

माणसात याचं एक दुर्दैवी उदाहरण आमच्या वॉर्डात कधीमधी येतं : द्राक्षगर्भ. त्याच्या पूर्ण प्रकारात सहसा सगळी गुणसूत्रं बापाकडूनच आलेली असतात, हे १९७७ साली सिद्ध झालं. गर्भाशयात बाळ नसतंच. वारेचेच पाणीदार, द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढत जातात. आणि प्रीएक्लॅम्प्सिया, जो एरवी पाचव्या महिन्यानंतर दिसतो, तो द्राक्षगर्भात त्याआधीच येऊ शकतो. बाळ नसताना, नुसती वार असताना. जीपमधल्या बाईच्या आजाराचं मूळ तिच्या ताटातल्या मिठात नव्हतं, हे सांगायला यापेक्षा स्पष्ट साक्ष कुठली हवी?

दोष कुणाचा?

इथं एक गैरसमज टाळायला हवा. हे वाचून कुणी ‘बाळच आईच्या जिवावर उठलं’ असं म्हणू नये. जनुकांना मन नसतं, वारेला हेतू नसतो. ‘मागतं’, ‘ढकलतं’ हे शब्द आपल्या सोयीचे. लाखो वर्षांत ज्या रचना टिकल्या त्या टिकल्या, एवढंच. त्यात बाळ दोषी नाही, आई नाही आणि बापही नाही.

हे पटायला मात्र जड जातं. काही बिघडलं की आपण आधी माणूस शोधतो. गरोदर बाईच्या बाबतीत तो शोध दूर जातच नाही. “हिनं नीट खाल्लं नाही,” “हिनं ताण घेतला,” “ग्रहणात बाहेर गेली.” बाळ गेलेल्या बाईवर आजाराइतकाच घाव या वाक्यांचा बसतो. दुसरा परिणाम आणखी वाईट. कारण तिच्या वागण्यात आहे असं ठरवलं की मग कुणी तिचा रक्तदाब मोजत नाही. तिला उपदेश करतात.

खरं तर तोल कधी जाईल हे पुष्कळदा आधी कळतं, आणि तो सावरताही येतो. त्यासाठी प्रत्येक घरानं काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

प्रत्येक तपासणीला रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब आला तर ‘घाबरली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. पायावर थोडी सूज पुष्कळ जणींना येते. पण चेहरा आणि हात सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. १०८ला फोन करा. ‘पाय सुजले म्हणजे बाळ धरतंय’ हे ऐकून थांबू नका. प्रसूतीनंतरच्या दिवसांतही झटके येऊ शकतात, म्हणून घरी आल्यावरही ही लक्षणं विसरू नका.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर उपचार लागतात. बऱ्याच जणींना आहार आणि चालणं पुरतं. कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. त्या पिशवीत पडू देऊ नका. आपल्याकडे आहारात कॅल्शियम कमी असतं आणि अशा ठिकाणी या गोळ्यांनी प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका घटतो. दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त सरकारी दवाखान्यांत तज्ज्ञांकडून तपासणी होते, तीही मोफत.

पहिल्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असेल, जुना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा. धोका जास्त असलेल्या बायकांना पहिल्या तिमाहीच्या शेवटापासून कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन दिल्यानं मुदतीआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहून अधिक टळला, असं २०१७ साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मात्र ती गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची. आणि आजार झालाच, तर मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शननं झटक्यांचा धोका जवळजवळ निम्मा होतो. हे २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालं. औषध स्वस्त आहे. बाई वेळेवर पोहोचायला हवी.

आणखी एक. बाळंतपण झालं म्हणजे हिशेब मिटला असं नाही. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो; गरोदरपणी मधुमेह झालेलीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी पट. तिचा रक्तदाब आणि साखर दरवर्षी तपासा. बाळाच्या लसी आपण विसरत नाही, तशा बाळाच्या आईच्या तपासण्याही विसरू नयेत.

ओढाताण आणि माया

गर्भारपणात संघर्ष आहे म्हणून माया खोटी ठरत नाही. बाळाच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात जातात आणि तिथंच मुक्काम करतात. १९९६ साली डायना बियांकी या अमेरिकी डॉक्टरांच्या गटाला एका बाईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या. तो मुलगा जन्मून २७ वर्षं झाली होती. एकाच नात्यात ओढाताणही असते आणि सोबतही. भाऊबंदकी करणारे दोन भाऊ एकमेकांच्या घरी मयत झाली की खांदा द्यायला धावतात, तसंच हे.

संघर्ष पुसून टाकता येत नाही. मोजता येतो, ओळखता येतो आणि वेळेवर हात दिला तर त्याचा तोल राखता येतो. वॉर्डात आम्ही एवढंच करतो.

ती बाई मला पुन्हा भेटली नाही. पण तिचा प्रश्न दर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून येतो. आता मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसते आणि सांगते, “तुमचं काही चुकलं नाही.” मग नवऱ्याला आणि सासूबाईंना आत बोलावते, तेच वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा म्हणते, आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून देते : पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच यायचं.